रिकाम्या जिन्याचे चार सेकंद

दिवे मालवायच्या आधी कात्रीबाईंनी आपलं बुटकं स्टूल उचललं, पडद्याच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं आणि पडद्याकडे पाठ करून त्या बसल्या. मांडीवर वही उघडली. पेन्सिलीचं टोक जिभेला टेकवलं. समोर चार रांगांत सव्वीस मुलं होती. काहींचे पाय जमिनीला पोचत नव्हते, काहींनी घरूनच पुठ्ठ्याचे भुताचे मुखवटे करून आणले होते.

"मुखवटे डोक्यावर सरकवा. मला तोंडं दिसली पाहिजेत."

"तू सिनेमा बघणार नाहीस, आजी?" पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं. तिचे पुढचे चार दात पडले होते. तिचे आजोबा याच स्टुडिओत प्रोजेक्टर चालवत होते आणि लाडानं तिला 'खिडकी' म्हणत.

"मी तुम्हाला बघणार."

"आम्ही काय भूत आहोत?"

"ते आता कळेलच."

मुलं खिदळली आणि दिवे गेले. बाहेर सकाळचे दहा वाजले होते, पण या खोलीला खिडक्या नव्हत्या. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख झाला. मग पडद्याचा उजेड मुलांच्या चेहऱ्यांवर पडला, आणि सव्वीस चेहरे पाण्याखाली ठेवल्यासारखे निळसर दिसू लागले.

पन्नास वर्षं कात्रीबाई हेच बघत आल्या होत्या. त्या संकलक. फिल्म खरोखरीच्या कात्रीनं कापून चिकटपट्टीनं जोडायची, तेव्हापासूनच्या. आता सगळं संगणकावर होतं, तरी नाव राहिलं होतं आणि कात्रीही पर्समध्ये राहिली होती. मुलांसाठी भुताचा गमतीचा चित्रपट केला, की तो पक्का करण्याआधी मुलांना दाखवायचा आणि आपण मुलांना बघायचं, ही रीत त्यांना स्टुडिओतल्या त्यांच्या आधीच्या संकलक, थोरल्या बाईंनी शिकवली.

थोरल्या बाई स्टुलावर बसत नसत. त्यांचं लांब लाकडी बाक होतं. त्याच्या एका कडेला त्या बसायच्या आणि उरलेल्या अर्ध्या बाकावर स्वतःची शाल टाकून ठेवायच्या, म्हणजे तिथे दुसरं कुणी टेकू नये. कात्रीबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या.

"ये पोरी," शाल उचलत थोरल्या बाई म्हणायच्या. "मोज."

मोजायचं ते असं. मुलांचे चेहरे भीतीनं ताठ झाले की एक म्हणायचं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट गुडघ्यावर दाबत जायचं. पाचाच्या आत मुलं हसली पाहिजेत. थोरल्या बाई पाच झाले की मूठ वळून हनुवटीखाली धरायच्या आणि श्वास रोखून बसायच्या.

"भिववायला अक्कल लागत नाही," त्या म्हणायच्या. "पाचाच्या आत हसलं ते पोर रात्री झोपतं. सहावर गेलं, की ते आईलाही झोपू देत नाही."

आजच्या चित्रपटातलं भूत स्वतःच अंधाराला भिणारं होतं. पण ते दिसायच्या आधी एक वाईट जागा होती. माळ्यावरचं कपाट आपोआप उघडतं, आतून कुणीतरी लांब श्वास घेतं आणि घरातले दिवे जातात. पाठीमागून तो श्वास ऐकू आला तसे कात्रीबाईंचे डोळे वहीवरून वर आले. सव्वीस चेहरे ताठ. त्यांनी अंगठा गुडघ्यावर दाबला.

एक. दोन. तीन. चार.

पाच झाले आणि कुणी हसलं नाही. कात्रीबाईंनी सहाव्यासाठी अंगठा पुन्हा दाबला. आपलं काहीतरी चुकलंय, इतकंच त्यांना कळलं. पण कुणी रडतही नव्हतं. उलट ताठ झालेले खांदे खाली आले होते. खिडकीनं हात वर केला आणि हलवला. तिच्या शेजारच्यानं हलवला. मग मागच्या रांगांतूनही छोटे छोटे हात वर आले. निरोप देताना हलवतात तसे नव्हे, ओळखीचं कुणी रस्त्यात दिसल्यावर हलवतात तसे.

मुलं आपल्यालाच हात करतायत असं वाटून कात्रीबाईंनीही ओशाळून हात हलवला.

सातव्या अंकाला भूत टेबलाचं कापड पांघरून कठड्यावरून घसरत खाली आलं आणि ओरडलं, "दिवा कुणी घालवला रे? मला भीती वाटते!" खोली हसण्यानं फुटली.

शो संपल्यावर दिग्दर्शक त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला. पस्तिशीचा होता, पहिलाच चित्रपट, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झालेली.

"मावशी, कपाट आणि भूत यांच्यामध्ये तो रिकामा जिना कशाला ठेवलाय? चार सेकंद नुसत्या पायऱ्या."

कात्रीबाई वहीकडे बघत राहिल्या. त्यांना आठवलं. शूटिंगच्या दिवशी भुताच्या नटाचं कापड खिळ्याला अडकलं, तो वेळेवर घसरला नाही आणि कॅमेरा रिकाम्या जिन्यावर चालूच राहिला. तो तुकडा काढून टाकायचा होता.

"राहून गेला," त्या म्हणाल्या.

पन्नास वर्षांत त्यांच्या हातून काही राहून गेलं नव्हतं. दिग्दर्शकालाही ते ठाऊक होतं. तो हळू आवाजात बोलला.

"निर्माते म्हणतायत, शेवटचा हात दुसऱ्या कुणाकडून फिरवून घेऊ. एक मुलगी आहे, हुशार आहे. मी म्हटलं, मावशींचे तीन शो होऊ देत, मग बघू. नियम तुमचाच आहे ना? पाचाच्या आत?"

"मुलं रडली नाहीत."

"कारण तुम्ही दिसता त्यांना. तुम्हाला हात करत होती. मावशी, तुम्ही समोर बसलात तर भुताला कोण विचारतो?"

त्यावर कात्रीबाईही हसल्या. त्यांनी त्याच दुपारी जिन्याचे चार सेकंद कापले.

दुसऱ्या दिवशी दुसरी मुलं आली. कात्रीबाई त्याच जागी, त्याच स्टुलावर. कपाट उघडलं, श्वास आला, दिवे गेले. एक. दोन. तिसऱ्या अंकाला भूत कठड्यावरून घसरलं. नियमात चोख बसलं.

तीन-चार मुलं हसली. बाकीचे चेहरे बंद दारासारखे झाले. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला, मग दोघांनी, आणि दार उघडून आयांना आत बोलवावं लागलं. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात एक मुलगा आईच्या ओढणीत तोंड खुपसून म्हणत होता, "तिथे कुणीच नव्हतं. कुणीच नव्हतं."

त्या दिवशी कुणीही हात हलवला नाही. कात्रीबाई तर तिथेच बसल्या होत्या. कालच्याच साडीत.

त्या स्टुलावर हात टेकत उठल्या. दिग्दर्शक भिंतीला टेकून नख चावत होता.

"जिना परत घालते," त्या म्हणाल्या.

"पण मावशी, त्या जिन्यात आहे काय?"

"मला काय ठाऊक? मी कुठे पडदा बघते?"

हे त्या रागानं म्हणाल्या, पण घरी जाताना तेच वाक्य त्यांच्या मागे मागे आलं. काल कापताना संगणकावर तो तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा बघितला होता. खोटा जिना. स्टुडिओच्या सुतारानं गोदामातल्या जुन्या बाकांच्या फळ्या काढून बनवलेल्या सात पायऱ्या. सातवीनंतर वर काही नाही, नुसता काळा पडदा. आणि सेट तर कधीच मोडून झाला होता.

तिसऱ्या शोला त्यांनी स्टूल उचललं नाही. त्या शेवटच्या रांगेत, एका अरुंद खुर्चीत, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मुलांच्या पाठी बघत होत्या. खिडकी आजही आली होती. आजोबा प्रोजेक्टरवर, म्हणून तिला रोज येता यायचं. तिनं मागे वळून दोनदा त्यांना शोधलं.

कपाट उघडलं. तो श्वास त्यांनीच निवडला होता, तरी अंगावर काटा आला. सगळं काळं झालं. एक. दोन.

मग जिना आला. सात पायऱ्या, कठडा, वरून तिरपा पडलेला फिकट उजेड. कात्रीबाईंनी डोळे ताणून बघितलं. पायरीवर धूळ होती. खिळ्याचं डोकं चमकत होतं. दुसरं काही नव्हतं.

पण समोरच्या काळ्या डोक्यांमधून एक हात वर आला, मग दुसरा, मग सगळे. ते हात त्या फिकट उजेडावर काळे दिसत होते आणि सावकाश हलत होते. इतकी मुलं इतकी गप्प कात्रीबाईंनी कधी ऐकली नव्हती.

सात. भूत घसरलं. हसण्याचा नुसता कल्लोळ झाला.

मुलं बाहेर गेल्यावर खिडकी मागे राहिली. आजोबा मशीन बंद करत होते. ती खुर्च्यांवरून उड्या मारत शेवटच्या रांगेपर्यंत आली.

"आज तू मागे का बसलीस?"

"तू हात कुणाला केलास?"

"तिला."

"तिला म्हणजे?"

"जिन्यावरच्या आजीला गं," खिडकी म्हणाली. इतकंही कळत नाही का, असा सूर होता.

कात्रीबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. तो स्वच्छच होता.

"काय करत होती ती?"

खिडकी शेजारच्या खुर्चीत बसली. तिनं उजवा हात गुडघ्यावर ठेवला. अंगठा दाबला, मग त्याच्या शेजारचं बोट, मग मधलं. करंगळी झाल्यावर तिनं मूठ वळली, हनुवटीखाली धरली आणि गाल फुगवून श्वास रोखला.

वर प्रोजेक्टरच्या खोलीत पंखा गुरगुरत थांबला.

"भीती नाही वाटत तिची?"

"तिला आपलीच भीती वाटते," खिडकी श्वास सोडून म्हणाली. "आपण रडू म्हणून. आपण हात केला की तिला बरं वाटतं." मग तिला काहीतरी आठवलं. "ती मधोमध नाही बसत. कडेला बसते, एकदम कठड्याला चिकटून. जागा तर किती आहे!"

"मग बाकीच्या जागेत काय आहे?"

"ओढणीसारखं काहीतरी ठेवलंय. जाडं."

थोरल्या बाईंचा शेवटचा शो सव्वीस का सत्तावीस वर्षांपूर्वी झाला होता. त्या दिवशी कात्रीबाईंनी शेजारी बसायला यावं असं ठरलं होतं. पण कात्रीबाईंना दुसऱ्या स्टुडिओत स्वतंत्र काम मिळालं होतं, पडद्यावर एकटीचं नाव येणार होतं, आणि निरोप पाठवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं नाही, असंच त्या आजवर सांगत आल्या. पुढे पंधरा दिवसांत थोरल्या बाई गेल्या. भेटायला आलेल्या एका बाईनं बोलता बोलता सांगितलं होतं, की त्या दिवशी खोली भरलेली, आया उभ्या होत्या, तरी थोरल्या बाईंनी शाल काही उचलली नाही. शो संपेपर्यंत अर्धं बाक तसंच.

"आजी," खिडकीनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला, "ती जागा तुझी आहे का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ती आज तुझ्या स्टुलाच्या जागेकडे बघत होती. तू नव्हतीस ना तिथे." खिडकीनं पडद्याकडे बघितलं. "तू कधी जाणार?"

कात्रीबाईंनी मांडीवरची वही चाळली. मागची दहा-बारा पानं कोरी होती.

"एवढी वही भरली की," त्या म्हणाल्या. "तिला सांग."

"बरं," खिडकी म्हणाली आणि आजोबांनी हाक मारली तशी पळाली.

दुपारी संकलनाच्या खोलीत दिग्दर्शक त्यांच्या पाठीशी उभा राहिला. या शोचा निकाल तो दारातून बघून गेला होता. आता त्याची बोटं तोंडात नव्हती.

"निर्मात्यांशी बोललो. हात तुमचाच राहील, मावशी. जिना ठेवू. का चालतो ते मला कळत नाही, पण चालतो. चार सेकंद पक्के?"

कात्रीबाईंनी तो तुकडा पुढ्यात घेतला आणि त्याचं टोक धरून थोडं ओढलं.

"पाच," त्या म्हणाल्या.

"पाच? अहो, नियम तर आधीच मोडलाय. अजून एक सेकंद कशाला?"

"सात पायऱ्या आहेत. माझे गुडघे दुखतात हल्ली. चढायला वेळ लागेल."

दिग्दर्शकानं त्यांच्याकडे बघितलं. मग पडद्यावरच्या रिकाम्या जिन्याकडे. त्याचे खांदे ताठ झाले.

कात्रीबाईंनी अंगठा गुडघ्यावर दाबला. मग दुसरं बोट. मग तिसरं.

चौथ्याला तो हसला.

त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला टेकवलं आणि एका कोऱ्या पानावर तेवढं लिहून ठेवलं.