न कापलेला सदरा

थंडी पडली की त्या गावातली घरं आखडतात. यात नवल ते काय? धुतलं की कापड आटतं, तसं गारठलं की घर आटतं. म्हणून दिवाळीचा फराळ संपत आला की गोदाकाठची ती माणसं घराला गोधडी शिवायला बसतात. छपरापासून जोत्यापर्यंत घर झाकेल एवढी मोठी. ज्या खोलीवर घरातल्या कुणाच्या जुन्या कपड्याचा कापलेला तुकडा येईल, ती खोली होती तेवढीच राहते.

सोजरबाईच्या स्वयंपाकघरावर तिच्या सासूचं लुगडं यायचं. ते स्वयंपाकघर कधी तसूभर आखडलं नाही. म्हातारी जिवंतपणी तरी कुठं तिथून हलत होती! पडवीवर नवऱ्याचं, रंभाजीचं, धोतर. माजघरावर सोजरबाईची स्वतःची हिरवी साडी. राहिली ती लेकाची खोली.

सुकदेव ऐन कडाक्यात पहाटे द्राक्षांच्या बागेत गेला होता. घड गारठू नयेत म्हणून शेकोट्या पेटवायला. उन्हं वर आली, धुकं उठलं, शेकोट्या जळत होत्या, आणि सुकदेव नव्हता. त्याला आता कितीतरी हिवाळे लोटले. त्याचा निळा सदरा पडवीतल्या खुंटीवर होता तसाच होता. गावाचा नेम असा, की जो परत यायचाय त्याचा कपडा कापायचा नाही. कापला की वाट बघणं संपलं.

सोजरबाईनं सदऱ्याला कात्री लावली नाही. दर हिवाळ्यात खोली आतल्या सामानासकट आखडत गेली. आधी खाट पाटाएवढी झाली. यंदा खोलीचा कोनाडा उरला होता आणि खाट काडेपेटीएवढी. सोजरबाई रोज सकाळी चिमटीनं तिच्यावरचं अंथरूण झटकायची.

"सोजरे, आज लई कडाका पडणार," रंभाजी म्हणाला. "कोनाडा मिटंल. मिटलेली खोली पुन्यांदा उघडत न्हाई. काप तो सदरा."

"न्हाई कापायची."

"मंग लेक आल्यावर निजंल कुठं?"

"आन् कापला तर येईल कशाला?"

रंभाजीला रडू येत होतं. ओवलेल्या सुईतला दोरा काढून तो पुन्हा ओवत बसला.

तेवढ्यात शेजारची वच्छलाबाई कुंपणावरून डोकावली. तिच्या घराला गोधडी चढवून झाली होती. "काय गं बाई, घराची कुंकवाची डबी झाल्यावर पांघरूण घालणार का? दिवस कलला की!" बोलून गेली आणि तिला सुकदेवची खोली आठवली. तिनं जीभ चावली. मग न विचारताच आपली शिडी घेऊन आली. "मी धरते एक बाजू. तू शिव."

सोजरबाई उठली. खुंटीवरचा सदरा काढला, तोंडाशी धरला. कात्री उचलली आणि दिली अंगणात भिरकावून. अख्खाच्या अख्खा सदरा तिनं गोधडीवर पसरला, कॉलरसकट, गुंड्यांसकट, आणि कडेकडेनं टाके घालायला लागली. बाह्या तेवढ्या मोकळ्या सोडल्या.

"असं चालतं व्हय?" वच्छलाबाईनं विचारलं.

"न चालायला काय झालं?" सोजरबाई खेकसली. "घर माझं, लेक माझा."

तिघांनी मिळून गोधडी घरावर ओढली. सदरा बरोबर कोनाड्यामागच्या भिंतीवर आला. भिंत कुरकुरली. रंभाजी धावत आत गेला.

"कोनाडा वाढला गं!" तो आतून ओरडला. "खाट पाटाएवढी झाली. वाढती अजून. आता माणूस निजंल एवढी झाली बघ!"

"खाटंवर कुनी हाय का?"

रंभाजीनं खाटेवरचं अंथरूण चाचपून पाहिलं.

"न्हाई."

बाहेर गार वारा सुटला होता. सदऱ्याची डावी बाही फडफडत होती. उजवी मात्र स्थिर लोंबत होती. सोजरबाईनं तिच्यात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला तरी भिंत लागेना.

मग आत कुणीतरी तिचं बोट धरलं. सुकदेव लहानपणी बाजारात धरायचा, तसंच. बोटं पार गारठलेली होती. तिनं आपलं बोट सोडवून घेतलं नाही.

"आवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "शेगडी आणा. लवकर आणा."