एकाहत्तराव्या दिवसाचं मीठ

घास गिळल्यावर नेल्वाला कळलं, की माशाला मीठ आहे. चिमूटभरसुद्धा नसेल. पण सत्तर दिवस अळणी खाल्लेल्या जिभेला मिठाचा नुसता हात लागला तरी समजतो. तिने हातातलं भाजकं केळं खाली ठेवलं आणि बाहेर बघितलं. मामेबहीण रोसेंदा ओंडक्यावर बसून पायावरचे डास मारत होती.

“काय झालं ताई? काटा लागला?”

“नाही.”

“मग खा की. नदी चढलीय, उद्या मासा मिळेल न मिळेल.”

एवढी घाई कशाला हिला, असं नेल्वाच्या मनात आलं. तिने उरलेला मासा पानाखाली सरकवला आणि जेवल्याचं सोंग केलं.

नव्वद दिवसांचं पथ्य होतं. गावापासून अर्ध्या तासावर, जंगलातल्या झोपडीत एकटीने राहायचं, एका झाडाच्या सालीचा काढा प्यायचा, आणि मीठ, साखर, मिरची, डुकराचं मांस, पुरुष यांतल्या कशालाही शिवायचं नाही. झाडाची मर्जी बसली तर ते स्वप्नात येऊन गाणी शिकवतं. नव्वदाव्या दिवशी कासिमिरोमामा पथ्य सोडवणारं गाणं म्हणणार, आणि त्यापुढे नशा आणणाऱ्या वेलीचा काढा पिऊन बसलेल्या आजाऱ्यांसमोर, त्यांना बरं करायला, नेल्वा स्वतः गाणार. उकायाली नदीच्या त्या काठावर गेल्या वीस वर्षांत एकही बाई त्या जागी बसली नव्हती. पण पथ्यात मीठ गेलं तर शिकवणारं झाडच उलटतं. अंगावर चट्टे उठतात, एखाद्याचं डोकं फिरतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग मीठ चुकून पडेलच कसं?

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते शोधायला नेल्वाला फार लांब जावं लागलं नाही. रोसेंदाचा नवरा वाल्देमार मामाचा घरजावई. त्याने हेच पथ्य दोनदा धरलं आणि दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा तर फुटबॉलचा सामना जिंकल्याच्या आनंदात बिअर पिऊन. तेव्हा मामाने जावयाचा नाद सोडून भाचीला बोलावलं. “घरातलं घरात राहिलं असतं तर बरं झालं असतं,” असं रोसेंदा तेव्हा म्हणाली होती. नेल्वाने ते वाक्य जपून ठेवलं होतं. आता ते उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी रोसेंदाने आणलेलं जेवण तिने मुंग्यांना घातलं. तिसऱ्या दिवशीही. निखाऱ्यावर स्वतः केळी भाजून ती दिवस काढू लागली. दंडावर पुरळ आलं. ते डासांचं असेल, पण तिला ते चट्टे वाटले. रोसेंदा हसली की ती हसण्याचं कारण शोधायची, गप्प बसली की गप्प बसण्याचं.

“ताई, खात नाहीस वाटतं. हाडं वर आलीत.”

“तुला बरी काळजी.”

“मला नाही तर कुणाला? चूल मी पेटवते.”

खाई त्याला खवखवे, असं नेल्वा मनात म्हणाली. त्या रात्री तिला स्वप्न पडलं. रोसेंदाच्या चुलीतून काळा साप निघाला आणि थेट नेल्वाच्या चटईपाशी आला. नेल्वा उठली ती जवळजवळ आनंदाने. झाडाने अखेर काहीतरी दाखवलं होतं.

सकाळी मामा चिलीम घेऊन आला. दर चार दिवसांनी तो तिच्या टाळूवर तंबाखूचा धूर फुंकायला येई. मागे पाण्याचा कॅन घेऊन वाल्देमार होता. त्याच्यासमोर बोलू नये हे नेल्वाला कळत होतं, तरी ती बोलली.

“मामा, माझ्या माशात मीठ घातलं गेलंय.”

मामाने चिलीम विझू दिली. “कुणी?”

“रोसेंदाने.”

“चव लागली ती मिठाची. रोसेंदाची कशी लागली?”

“मला दिसलं,” नेल्वा म्हणाली. “झाडाने दाखवलं.”

मामा चिलीम उचलून निघाला. वाल्देमार मात्र गावात जाऊन बोलला. संध्याकाळपर्यंत बायका रोसेंदाच्या हातचा युका कंदाच्या दारूचा वाडगा घेईनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा लेकीला घेऊन आला. रोसेंदाचे डोळे सुजले होते. त्यांच्यामागे, कुणी न बोलावता, नेल्वाची आई इग्नासिया धापा टाकत आली आणि पायरीवरच बसली.

“मीठ मी घातलं,” ती म्हणाली.

तिने रोसेंदाकडे बोट केलं, पण बोलली ती नेल्वाशी.

“ही पोरगी रोज तुझं जेवण आणण्याआधी नदीवर अंघोळ करते. टोपलं तेवढा वेळ माझ्या घरी असतं. मागच्या आठवड्यात मी लांबून तुला बघितलं, नुसता सांगाडा. म्हटलं, मीठ जाऊ दे पोटात, पथ्य मोडू दे, घरी येऊ दे. उद्या तू गायलीस आणि कुणाचं पोर दगावलं, तर लोक तुझ्या दारात येतील. माझ्या बापाच्या दारात आले होते तसे.”

आज्याची गोष्ट मामाने एकदाच सांगितली होती. एका आजारी पोरासमोर गाताना वेलीच्या नशेत त्याने शेजाऱ्याचं नाव घेतलं, यानेच पोराला बाधा केली म्हणून. लोकांनी शेजाऱ्याचं घर जाळलं. पोर साध्या तापाने गेलं होतं हे मागून कळलं, तेव्हा लोक आज्याच्या दारात आले. त्यानंतर सगळ्या कुटुंबाला नदीपलीकडे उठून यावं लागलं.

“अक्का, तू गप्प बस आता,” मामा बहिणीला म्हणाला. मग नेल्वाकडे वळला. “मिठाचं मी बघतो, त्याला गाणं आहे. पण तू ‘दिसलं’ म्हणालीस. माझा बापही असंच म्हणाला होता.”

नेल्वाला रोसेंदाकडे बघवेना. पथ्याचं रांधणाऱ्या बाईलाही पथ्य असतं. अडीच महिने रोसेंदाने नवऱ्याची चटई सोडली होती आणि त्याची बोलणी खाल्ली होती. हे नेल्वाला माहीत होतं. संशय घेताना तेवढंच नेमकं आठवलं नव्हतं.

“पहिल्या दिवसापासून,” मामा म्हणाला. “नव्वद. जमत नसेल तर आत्ता आईबरोबर घरी जा.”

“जमेल. पण रांधेल कोण?”

“मीच,” रोसेंदा म्हणाली. “तुझ्यासाठी नाही ताई. मी आणायचं थांबवलं, तर गाव म्हणेल, बघा, हिनेच घातलं होतं.”

ती दुसऱ्या दिवशी आली, केस ओलेच. टोपलं या वेळी कुणाच्याही घरी न ठेवता आणलं होतं. या वेळी ती ओंडक्यावर बसली नाही, आत येऊन समोर बसली. पान उघडलं, माशाचा तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात घातला, नीट चावून गिळला.

“बघ. आता खा.”

नेल्वाने घास घेतला. मासा अळणी होता, हे तिला पहिल्या चवीलाच कळलं. तरी तिची जीभ त्या घासात सगळीकडे फिरून मीठ शोधत राहिली, आणि समोर बसलेली रोसेंदा ते बघत होती.