खिडकीतून एक ओळ

"तुझं नाव काय गं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

फाटकाच्या खालच्या पट्टीवर उभी राहून झोके घेणाऱ्या उर्वीने लगेच उत्तर दिलं नाही. हा खेळ तिला फार आवडायचा, आणि आवडीची गोष्ट लांबवावी कशी हे तिला तीन वर्षांची होण्याआधीच कळलं होतं.

"पूर्ण सांगू की अर्धं?"

"पूर्ण."

"उर्वी रजत टोकेकर, अन्नपूर्णा, इंदौर."

"अगदी बरोबर," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चल उर्वी, आईला टाटा कर."

स्कूटरवर बसलेली सुरभी हे सगळं रोज पाहायची. पाहायची म्हणजे नजरेने चाचपून घ्यायची. सासूबाईंच्या चपला कोरड्या आहेत ना, त्यांचा एक हात उर्वीच्या पाठीशी आहे ना, फाटकाची कडी वर लावली ना. सगळं जागच्या जागी असायचं. तरी तिचा पाय निघायचा नाही.

"अगं, डबा," सासूबाईंनी आठवण करून दिली आणि पायरीवरचा डबा तिच्या हाती दिला. "जा आता. जल्दी कर. तुझी पोरं वाट बघत असतील."

कोवळ्या उन्हात दोघी पाठमोऱ्या झाल्या, आजीच्या बोटाला धरून नात घरात गेली, आणि सुरभीला वाटलं, हे आपण पूर्वी कधीतरी स्वप्नात पाहिलंय. बहुधा लहानपणी. तेव्हा त्यातली नात आपण होतो.

तीन वर्षं घरी काढून सुरभी पुन्हा शाळेत जाऊ लागली होती. विजय नगरच्या एका मोठ्या शाळेत सहावीला हिंदी. उर्वीला कुठे ठेवायचं हा प्रश्न घरात फार दिवस नुसता तरंगत राहिला होता. शाळेजवळ एक पाळणाघर होतं. तिथे सुरभी जाऊन आली आणि रंगीत भिंती, ओळीने निजवलेली मुलं बघून गुपचूप परतली. रजत सांवेर रोडच्या कारखान्यात शिफ्टवर जायचा. त्याचं म्हणणं सोपं होतं. आईने महापालिकेच्या शाळेत एकेका वर्गात पन्नास-पन्नास पोरं सांभाळली, एक नात सांभाळणार नाही का?

"तू टेन्शन नको घेऊ ना यार फालतू," तो म्हणायचा. "काही दिसलं तर बोल. दिसलंय का काही?"

काही दिसलं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. सासूबाई वयाच्या मानाने धडधाकट होत्या. गॅस बंद करायच्या, औषधं वेळेवर घ्यायच्या, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून, मिरच्यांवरून हुज्जत घालायच्या. मधल्या सुट्टीत सुरभी फोन करी तेव्हा "बोला, कोण?" असं विचारायच्या आणि "आई, मी" म्हटल्यावर सगळं नीट सांगायच्या. पोरगी जेवली, झोपली, उठली. तरीही फोन ठेवल्यावर सुरभी सगळं मनात पुन्हा एकदा तपासून बघायची. आपण आई झाल्यापासून जरा जास्तच बघतो, असं ती स्वतःला समजावायची.

खरं तर बघायला तिला शिकवलं होतं सुलोचनाबाईंनीच.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवी शिक्षिका होती, आणि वर्गात मुलं धडा वाचायच्या आधीच उत्तरं सांगून मोकळी होतात, म्हणून रडकुंडीला यायची. सासूबाई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढला. आत लग्नपत्रिकांचे जाड तुकडे होते, प्रत्येकाच्या मधोमध एक लांबट भोक कापलेलं. त्याला त्या खिडकी म्हणायच्या. मुलाने ती पानावर ठेवायची, म्हणजे खिडकीतून एकच ओळ दिसते. वरची गेलेली, खालची अजून न आलेली. त्या एका ओळीपाशी थांबायचं आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय दिसलं? कशावरून?

"दुसरा प्रश्न खरा," त्या म्हणायच्या. "पहिल्याचं उत्तर कोणी पण देतं. पोरं पानावर नसलेलं घरून घेऊन येतात अन् म्हणतात, बाई, दिसलं. तू फक्त विचारायचं, कशावरून? चिडायचं नाही. तुला उत्तर येतं, असं पण दाखवायचं नाही."

नात्यागोत्यातल्या साऱ्या लग्नांच्या पत्रिका त्या जपून ठेवत आणि दुपारी कातरीने खिडक्या कापत बसत. कुणाच्या नवरीचं नाव अर्ध्यात तुटे, कुणाचा गणपती सोंडेशिवाय राही. एकेका तुकड्यावर एकेक लग्न अर्धवट चाललेलं. सुरभीच्या वर्गात आता अशा चाळीस खिडक्या होत्या, आणि मुलांना आपापली खिडकी पाठ होती.

शाळेलाही त्या आवडल्या. म्हणजे समन्वयक प्रियंका मॅमना आवडल्या. जवळून वाचायला शिकवण्याचा एक संच त्यांना सगळ्या शाखांसाठी बनवायचा होता. उतारे, प्रश्न, खिडक्या आणि शिक्षकांसाठी उत्तरं. फक्त खिडक्या लॅमिनेट केलेल्या, शाळेचा बिल्ला असलेल्या हव्या होत्या. आणि उतारे कुठे छापलेले नकोत, नाहीतर मुलं गाइडमधून उत्तरं उचलतात. म्हणून सुरभीने स्वतःच एक उतारा लिहिला. काय लिहावं हे सुचेना, तेव्हा तिने डोळे मिटले आणि जे समोर आलं ते मांडलं. रोजची सकाळ. तेच स्वप्नासारखं फाटक.

उतारा हिंदीत होता आणि अगदी छोटा. सकाळी आई कामाला निघते. आजी आणि नात फाटकाशी उभ्या राहतात. आजी विचारते, तुझं नाव काय? नात नाव सांगते. आजी म्हणते, अगदी बरोबर. मग आजी तिला नावाने हाक मारते आणि दोघी घरात जातात. दुपारी आजी म्हणते, बाळ, जेवायला चल. संध्याकाळी आई परत येते, तेव्हा आजी पुन्हा विचारते, तुझं नाव काय?

उत्तराच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, आजी-नातीचा खेळ. एकमेकींचा लळा. हे लिहिताना तिला बरं वाटलं होतं. वाटलं होतं, बघ, उगाच घाबरतेस.

त्या दिवशी प्रियंका मॅम मागच्या बाकावर येऊन बसल्या. पंखा संथ फिरत होता आणि निळ्या पडद्यांतून येणाऱ्या उजेडाने वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा दिसत होता. चाळीस डोकी वाकली. चाळीस खिडक्या एका ओळीवरून दुसरीवर सरकू लागल्या. कागदावर पुठ्ठा घासल्याचा तेवढा आवाज.

ऋषभचा हात नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी वर गेला. दादी खेळतेय, असं त्याचं म्हणणं. कशावरून? तर त्याची आजीपण असंच करायची, शिवाय उत्तर आल्यावर 'अगदी बरोबर' म्हणते, म्हणजे क्विझ झाली ना. वर्ग हसला. प्रियंका मॅमनी समोरचा उत्तराचा कागद बघून मान डोलावली.

श्रियाने हात वर केला नव्हता. ती खिडकी खाली नेत होती, पुन्हा वर आणत होती. ही मुलगी वर्गात फारसं बोलत नसे. तिच्या खिडकीवर कुण्या यशवर्धनच्या लग्नाचं अर्धं तोरण होतं.

सुरभीने तिला विचारलं, तुला काय दिसलं?

श्रिया उभी राहिली. "मॅम, दादी को नाम याद नहीं है."

"किस बात से पता चला?" सुरभीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

श्रियाने बोट ओळीवर ठेवलं आणि सावकाश सांगितलं. आजी नाव घेते, पण मुलीने सांगितल्यानंतरच. आधी एकदाही नाही. दुपारी तिला कुणी नाव सांगत नाही, तर तेव्हा ती बाळ म्हणते. आणि संध्याकाळी पुन्हा विचारते.

ऋषभला पटलं नाही. "अरे, खेल है ना वो."

"खेल तो बच्ची के लिए है," श्रिया म्हणाली आणि खाली बसली.

मग खिडक्या पुन्हा सरकल्या, खालून वर, आणि एकेक चेहरा वर येत गेला. ऋषभने मान हलवून हार मानली. मागून प्रियंका मॅम कौतुकाने म्हणाल्या, बच्चे कितना डीप जा रहे हैं, हे पण उत्तरांत घालून टाका, पर्यायी म्हणून. सुरभीने हो म्हटलं. हातातला खडू तिने टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. मग फळ्यावर श्रियाचं उत्तर लिहिलं, पर्यायी हा शब्द न लिहिता.

घरी परतताना रस्ता तिच्या बाजूने नुसता वाहत होता. मॉलच्या काचा, सिटी बस, सिग्नलला थांबलेल्या गाड्या, कुठूनतरी पोह्यांचा आणि त्यावरच्या जीरावन मसाल्याचा वास. हेल्मेटच्या काचेतून जेवढं दिसे तेवढंच ती बघत होती आणि मागचे महिने एकेक ओळीने वर येत होते. चपला, कडी, गॅस. आपण सगळीकडे पाहिलं होतं. फक्त प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहिलं नव्हतं. विचारणाऱ्याला उत्तर येत असतं, असं आपण धरूनच चालतो. आणि आयुष्यभर जिने प्रश्नच विचारले, तिच्याबद्दल तर कोणाला शंका यावी?

उद्या उर्वी चुकून फाटकाबाहेर गेली, तर सासूबाई तिला कुठल्या नावाने हाक मारतील?

हा विचार आल्यावर तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. घरी फोन लावावा म्हणून पर्समध्ये हात घातला. मग "बोला, कोण?" हे शब्द तिला फोन न लावताच ऐकू आले.

फाटकाशी दोघी होत्याच. प्रश्न झाला, उत्तर झालं, अगदी बरोबर झालं. सुरभीने उर्वीला उचललं, गरजेपेक्षा जरा घट्ट. आत येऊन तिघी टेकल्या, तोच उर्वीने आईच्या पर्समधून कागद ओढून आजीला नेऊन दिला. हे तिचं रोजचं काम होतं. आई काय शिकवून आली ते आजी रोज वाचायची आणि दोन शब्द बोलायची.

"आई, आज राहू द्या ते. उद्या वाचा," सुरभी म्हणाली.

"का गं? परीक्षेचा पेपर आहे का?" सुलोचनाबाई हसल्या. चष्मा लावला. उशाशी ठेवलेली आपली खिडकी काढली. ती सगळ्यांत जुनी, कडा काळवंडलेली. ती त्यांनी कागदावर ठेवली.

त्या वाचू लागल्या. सुरभी समोरच्या खुर्चीत बसून राहिली. बाहेर कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं, त्याचा ओला वास घरात आला. खिडकी एकेक ओळ उतरत गेली. एका ओळीपाशी थांबली. वर गेली. पुन्हा खाली आली. सुलोचनाबाईंचा चेहरा तसाच होता, उत्तर येतं असं न दाखवणारा.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला.

"चांगला उतारा आहे. एक पण शब्द जास्तीचा नाही. पोरांना कळला?"

"एका मुलीला कळला."

"ती कशावरून म्हणाली?"

सुरभीने सांगितलं. दुपारचं बाळ सांगितलं, संध्याकाळचा पुन्हा विचारलेला प्रश्न सांगितला. तिने गाळलं काही नाही. त्यांच्यासमोर पानावरचं गाळायचं नाही, एवढं ती शिकली होती.

"अगदी बरोबर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि परत दिली. मग पदर सारखा करत, भाजीपाल्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून दिवसभर कोणाला तरी ठेव घरात. बाई समजूतदार बघ. तिला आम्हा दोघींना सांभाळायचंय."

सुरभीने मान डोलावली.

उर्वी जमिनीवर खिडकीतून फरशी बघत होती. सुलोचनाबाईंनी तिला जवळ बोलावलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आज नवा प्रश्न. येईल का बघू. ही समोर बसलीय ना, ती कोण?"

"आई," उर्वी म्हणाली. इतका सोपा प्रश्न आल्याने ती जरा नाराजच झाली.

"आणि आईचं नाव काय?"

"सुरभी."

"अगदी बरोबर," सुलोचनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुरभीकडे पाहिलं, सरळ, काही न लपवता. "सुरभी, चहा ठेवतेस?"

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून तिने आपलं नाव ऐकलं नव्हतं. ते तिच्या आत्ता लक्षात आलं. ती उठली, आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता पुन्हा एकदा हाक यावी म्हणून दारात उगाच थोडी थांबली.