पिंजारलेली रेघ

मी आयनोसोंड बोलतोय. नाव जिभेला जड, काम मात्र सोपं. वर रेडिओची हाक मारायची आणि आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून ती परत आली की पडद्यावर रेघ काढायची. थर शांत असला की रेघ स्वच्छ. खवळला की आठवडाभर न विंचरलेल्या केसांसारखी.

विषुववृत्ताजवळच्या आमच्या पट्ट्यात सूर्य बुडाला की तो थर वर चढतो, त्यात खालून बुडबुडे उठतात आणि रेघ पिंजारते. 'पिंजारली' हा शब्द काकांचा. काका म्हणजे इथल्या वेधशाळेचे तंत्रज्ञ. मी नवा असताना पहिल्यांदा रेघ पिंजारली, तेव्हा त्यांनी माझंच पोट उघडलं होतं! बिघाड माझ्यात नसून वर आहे, हे पटेपर्यंत माझे निम्मे स्क्रू हरवले.

ताई इथली निरीक्षक. आवारातल्याच घरात आईबरोबर राहायची. भाऊ जहाजावर. त्याचा उपग्रहावरून फोन यायचा तो संध्याकाळीच, आणि हे बुडबुडे त्याच्या आवाजाचा भुगा करायचे.

एक दिवस चुंबकाची सुई सकाळपासून थयथय नाचत होती. सूर्याकडून वादळ आलं होतं. नेमकं त्याच संध्याकाळी आईंना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं, सकाळी ऑपरेशन. पिशवी भरून, निघण्याआधी मुलाचा फोन येईल म्हणून त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"घेऊन जा गं त्यांना," काका म्हणाले. "साध्या दिवशी धड ऐकू येत नाही, आज तर वादळ. उगाच जीव टांगणीला."

ताई माझ्याकडे बघत राहिली. सूर्य बुडाला. माझी रेघ स्वच्छच.

"मशीन झोपलं वाटतं," म्हणत काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"काका, पोट उघडू नका त्याचं! थर वर चढलाच नाहीये. वादळानं दाबून धरलाय."

चुंबकी वादळाची हीच गंमत. कधी गोंधळ वाढवतं, कधी संध्याकाळच्या बुडबुड्यांना उठूच देत नाही.

"आई, थांबू या आपण," ताई म्हणाली.

फोन आला. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"माझी छत्री तूच नेलीस ना रे?"

"आई, जहाजावर छत्री घेऊन काय करू?"

"ते मला काय विचारतोस? नेलीस की नाही?"

पलीकडून हसू. मग दोघं बराच वेळ बोलले. मी माझी हाक मारत राहिलो, रेघ काढत राहिलो.

आई हॉस्पिटलातून परतल्या नाहीत.

भाऊ आला तेव्हा माझ्यासमोर उभा राहिला. "हाच का तो, ज्याची रेघ बघून तुम्ही थांबलात?"

"हाच," ताई म्हणाली.

त्यानं बॅगेतून छत्री काढली आणि माझ्या शेजारच्या खुंटीला अडकवली. नेली होती खरी.

आता माझ्या जागी नवं यंत्र येणार म्हणतात. येऊ दे बापडं. काकांनी हा स्क्रूड्रायव्हर तेवढा त्याच्यापासून लांब ठेवावा. आणि तुम्हाला कुणाला फोन करायचा राहिला असेल, तर आत्ताच करा. आज रेघ स्वच्छ आहे.