गोड्या पाण्याचा आकडा

अदिरामपट्टिणमच्या पुढच्या त्या वस्तीत मी खोटं लिहायचं ठरवूनच गेलो. तंजावूरहून निघाल्यावर बसमध्ये तीनदा विचार बदलला, पण उतरताना ठाम होतो. माझ्या मानाने ठाम.

वनखात्याला किनाऱ्यालगतच्या वाळूत सुरूचं वन लावायचं होतं. जमीन योग्य आहे का, हे ठरवायला मला नेमलं होतं. कॉलेजात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून. फॉर्मात प्रश्न दोनच : पाणी किती खोल आणि किती खारं. गोडं असेल तर जमीन योग्य. पण वाळूखालचा पावसाच्या पाण्याचा तो पातळ थर वस्तीलाही तेवढाच असतो. हजारो झाडं तो पिऊन टाकतात. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीला मी 'योग्य' म्हटलं. आता तिथला पिण्याच्या पाण्याचा खड्डा खारट झालाय आणि बायका टँकरची वाट बघत बसतात. वस्तीचा विचार करा, असा शेरा मी तेव्हा लिहिला होता. कुणी वाचला नाही. माझं अक्षरही वाईट आहे.

रेंजर कार्तिकेय जीपपाशी फोनवर बोलत होता. मी या वस्तीच्या खड्ड्यातल्या पाण्यात क्षारमापक बुडवला. आकडा अर्ध्याच्याही खाली आला, म्हणजे पाणी गोडं. मी सात लिहिलं, म्हणजे पार खारं. सातावर दोनदा पेन फिरवलं.

"अय्या, इतका वेळ काय बघता? मासा सापडला का?" वस्तीतली भुवना मला म्हणाली; 'अय्या' म्हणजे तिकडचं 'साहेब'. खड्डा साफ करायची आज तिची पाळी होती.

रेंजरसमोर या पाण्याला गोडं म्हणू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. एकच वाक्य. परक्या बाईशी सुरुवात कशी करावी, ते मी मनात जुळवत राहिलो. तोवर ती घागर उचलून जीपकडे निघालीही होती.

मी पोचलो तेव्हा कार्तिकेय दुसरा पेला पीत होता.

"पट्टुक्कोट्टैपर्यंत असं पाणी नाही, सर," भुवना त्याला सांगत होती. "माझी मुलगी सासरी जाताना बाटल्या भरून नेते."

त्याने फॉर्म पाहिला. "सर, सात?"

"ते... खालच्या थराचं..." मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातला मापक घेऊन पेल्यात बुडवला. आकडा वाचला.

"उन्हात मीटर चुकतो, सर. दुसरा फॉर्म देतो." रागावला असता तर बरं झालं असतं.

मी खरा आकडा लिहिला. खाली 'योग्य' लिहिलं आणि सही केली.

"काय लिहिलं, अय्या?"

"पाणी गोडं आहे."

"लिहा की. सरकारला कळू दे."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. उलटसुलट, आधी मुळं, मग झाडं, मग शेजारची वस्ती.

"मघाशी खड्ड्यावर होतात तेव्हा तोंड नव्हतं का?" तिने विचारलं.

मी पेन खिशात ठेवलं.

ती कार्तिकेयकडे वळली. "आता खोडता येईल?"

"आकडा मीही पाहिला, अम्मा," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातून पेला काढून घेतला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिथेच उभं राहून तिने ते पिऊन टाकलं.