पोटाशी की हवेत

मी एक चेंडू आहे, पण गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता. अमेरिकेत मला फुटबॉल म्हणतात आणि पायाने मात्र क्वचितच मारतात. माझं कातडं गायीचं. उलटं शिवून, मग पिळवटून सुलटं केलं आणि वर जाड दोरी ओवली.

नरेश कंपनीच्या प्रशिक्षणासाठी टेक्सासला आला होता. त्याने मला आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी, दीक्षासाठी, विकत घेतलं आणि सिंगापूरला आणलं. बुकित बातोकच्या नवव्या मजल्यावरचा फ्लॅट हे माझं घर.

माझा खेळ सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. एक तर मला पोटाशी घट्ट धरून गर्दीत घुसायचं. तीन-चार यार्ड मिळतात, ही दौड. नाहीतर मला सगळ्यांच्या डोक्यावरून फेकायचं; वीस यार्ड मिळतात, कधी काहीच नाही, कधी मी थेट शत्रूच्या हातात. ही फेक.

नरेश दौडवाला. ब्लॉकमागच्या गवतावर तो ओरडायचा, "धर! सोडू नकोस!"

"पपा, थ्रो लह!" दीक्षा सिंगापुरी हेल काढून ओरडायची. "म्हातारे झालात का?"

"हातातलं कशाला घालवायचं?"

मी त्याला दोष देत नाही. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत त्याने वीस वर्षं काढली, त्यातली पहिली दहा परवाना संपला की पुढे इथे राहू देतील की नाही या धाकात. असा माणूस हवेत काही फेकत नाही.

शिफ्ट नसली की सोमवारी सकाळी दोघं टीव्हीवर अमेरिकेतले व्यावसायिक सामने बघायचे. मी दीक्षाच्या मांडीवर. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली. चार वर्षं एकाच संघाचा प्रत्येक डाव मांडत बसली आणि ऐंशी पानं लिहिली. हा संघ पहिल्या प्रयत्नाला नेहमी दौडतो, समोरचे दबा धरून बसलेले असतात. पहिल्याच प्रयत्नाला फेका, असं तिचं म्हणणं. पानं तिने थेट त्या संघालाच पाठवली.

आणि बोलावणं आलं! विश्लेषकाची एक जागा होती. मुख्य प्रशिक्षक स्वतः व्हिडिओवर बोलणार होता. तिला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

आदल्या संध्याकाळी जेवताना नरेश म्हणाला, "तीस वर्षं झालीत त्या माणसाला. मोठ्या माणसाला पहिल्याच भेटीत खोडून काढू नये, बेटा. आधी आत शीर. मग हळूहळू बोल."

"पपा, म्हणजे इथेपण दौडच?"

"नोकरी आहे ही. खेळ नाही."

प्रियदर्शिनी, दीक्षाची आई, भात वाढता वाढता म्हणाली, "तिला तिच्या मनासारखं बोलू द्या की." कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मला तोंड कुठे होतं?

सकाळी आठला पडद्यावर पांढऱ्या केसांचा माणूस आला. नरेश लॅपटॉपच्या मागे, त्याला दिसणार नाही असा, चहाचा कप घेऊन उभा. मी टेबलावर.

"तर मी चुकतोय, असं तुझं म्हणणं?" प्रशिक्षकाने विचारलं.

दीक्षाने तोंड उघडलं. नरेशने हात वर केला. ‘सावकाश,’ अशी खूण.

"नाही, सर. तुमच्या पद्धतीमागे अनुभव आहे. माझी आपली एक सूचना."

"पान एकतीस. माझी पद्धत म्हणजे हळूहळू हरणं, असं लिहिलंयस."

ओरडावंसं वाटलं मला. हो म्हण! पोरी, हो म्हण!

"ते जरा जास्तच लिहिलं गेलं, सर. सॉरी."

त्याने समोरची पानं मिटली. मग आभार मानून गेला. नरेश खूश. "किती छान बोललीस! एक शब्द वावगा नाही."

दोन दिवसांनी ईमेल आलं. दीक्षाने ते उभ्यानेच वाचून दाखवलं: मला हो म्हणणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत. ती ऐंशी पानं लिहिणारी मुलगी मला हवी होती. ती भेटली नाही.

"परत लिही त्याला," नरेश म्हणाला. "खरं सांग. माझं नाव सांग."

"काय सांगू? पपांनी हात वर केला?"

तरी तिने लिहिलं. जागा भरली होती.

आता ती नरेशच्याच कंपनीत आहे, त्याच्याच शब्दावर. दोघं एकाच बसने, गळ्यात ओळखपत्र अडकवून जातात. बसमध्ये बोलत नाहीत, असं प्रियदर्शिनी फोनवर बहिणीला सांगत होती. ऐंशी पानं नरेशने आता कुठे वाचली. दोनदा. परवा मला घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला. "चल ना खाली. मी लांब फेकतो, तू पळ."

"नको, पपा. दमलेय."

माझ्यातली हवा उतरत चाललीय. कपाटावरून मला सगळी खोली दिसते. तुमच्याकडे एकच मागणं आहे: तुमची मुलं खरं बोलायला तोंड उघडतील, तेव्हा समोर उभं राहून हात वर करू नका. या घरात ते सांगून आता उपयोग नाही. इथे सगळे अगदी नम्रपणे बोलतात.