नालोंगोचं पिवळं कार्ड

"ह्या तर दोन बायका झाल्या," काउंटरवरची पोर म्हणाली. तिच्या एका हातात पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. "पासपोर्टवर युनिया नाकिबुले. कार्डावर नालोंगो. ह्यातली विमानात कोण बसणार?"

"मीच," माझी वहिनी म्हणाली.

"आणि दुसरी?"

"ती पण मीच. पण त्या युनियाला आता कोणी हाक मारत नाही गं."

मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून असे डोळे वटारले की तो हसणारा आपल्या बॅगेची चेन उघडझाप करायला लागला. पण मनातून मीच धास्तावले होते. पासपोर्ट झाला, तिकीट झालं, त्या सेशेल्स बेटावरची परवानगी मोबाईलवर आली, वहिनी नवी कोरी गोमेसी, आमचा उंच खांद्यांचा झगा, घालून, कमरेचा पट्टा आवळून एन्टेबेच्या विमानतळावर उभी होती, आणि आता हे!

आता ह्यात चूक कुणाची म्हणायची? आमच्या बुगांडात ज्या बाईला जुळं होतं ती त्या दिवसापासून नालोंगो. तिचा नवरा सालोंगो. आधीचं नाव घडी घालून ट्रंकेत ठेवायचं. बाजारातल्या भाजीवाल्या, चर्चचे पाद्री, पाण्याचं बिल आणून देणारा माणूस, सगळे नालोंगोच म्हणतात. तिची सख्खी नणंद असून मीही तेच म्हणते. जुळ्यांच्या आईला जुन्या नावानं हाक मारणं म्हणजे तिच्या तोंडावर तिची पोरं नाकारणं. लस टोचायला आम्ही गेलो तेव्हा तिथली नर्स तिला बघून खुर्चीतून अर्धी उठली, गुडघा वाकवून "बरं आहे ना नालोंगो?" म्हणाली, आणि तेच नाव कार्डावर लिहून मोकळी झाली. मी शेजारीच उभी होते. मला काही वावगं वाटलं नाही. तिनं 'युनिया' लिहिलं असतं तर उलट मीच तिची खरडपट्टी काढली असती.

"अगं पोरी, तू मुगांडाच ना, आपल्या बुगांडातलीच?" मी काउंटरवर वाकून म्हटलं. "तुला कळतंय की."

"मला कळतंय हो, आत्याबाई. माझी मावशी पण नालोंगोच आहे." पोर बिचारी खरंच कानकोंडी झाली. "पण त्या बेटावरच्या लोकांना कसं कळणार? ते नाव ताडून बघतात. जुळलं नाही तर तिथूनच परत पाठवतात. त्यापेक्षा तुम्ही पलीकडच्या आरोग्य कक्षात जा. साहेब आहेत. वेळ आहे अजून, पण पाय उचला."

आम्ही पाय उचलले. वहिनीचे पाय संधिवाताचे, त्यामुळे उचलले म्हणजे मी ओढले. ट्रॉलीवर तिची बॅग होती आणि बॅगेवर तळलेल्या नाकतोड्यांची पुडी. ही पुडी नेऊ नको म्हणून मी घरून निघाल्यापासून कोकलत होते. बेटावर बाहेरचं बी नको, पान नको, किडामुंगी नको. सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं.

"हा किडा नाही, तळलेला आहे," वहिनीचं म्हणणं.

"तळला म्हणून काय त्याचा बटाटा झाला?"

"वास्वाला आवडतात, वन्सं. दोघांनाही आवडायचे."

दोघांनाही. तिच्या तोंडात नेहमी हेच. तिची जुळी पोरं, वास्वा आणि काटो. दोघं असे सारखे की माझा भाऊ, त्यांचा सख्खा बाप, एकाला दोनदा आंघोळ घालून दुसऱ्याला तसाच झोपवायचा. शाळेतले मास्तर एकाच्या खोड्यांसाठी दुसऱ्याला बडवायचे. मीही कितीदा फसले. वहिनी मात्र कधी फसली नाही. पाठमोरे असले तरी, अंधारात असले तरी, नुसत्या खोकण्यावरून ओळखायची. तिचा तेवढा एकच तोरा होता. बाकी सगळी हयात केळीच्या बागेत आणि शाळेच्या भटारखान्यात गेली, त्यात कसला आलाय तोरा!

वास्वा इंजिन दुरुस्त करायला शिकला आणि सेशेल्समधल्या माहे बेटावर बोटींच्या कारखान्यात लागला. काटो घरी राहिला. दुसऱ्याच वर्षी काटोला मलेरिया झाला, डोक्यात गेला, आणि आम्ही त्याला इस्पितळात पोहोचवेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमच्यात जुळ्यातला एक गेला तर 'मेला' म्हणत नाहीत. 'उडून गेला' म्हणतात. आणि त्याच्यासाठी रडायचं नाही, रडलं तर मागे राहिलेल्यालाही ओढ लागते म्हणतात. मी चुलीपाशी बसून रडून घेतलं, विचारलं तर धुराचं नाव सांगितलं. वहिनीनं तेही केलं नाही. वास्वा नवा होता, त्याला सुटी मिळाली नाही, तो येऊ शकला नाही. तेव्हापासून वहिनी जी कोरडी झाली ती कोरडीच. फोनवर व्हिडिओ लावून दिला तर बघायची नाही. "एवढासा दिसतो," म्हणायची. "मला तो चेहरा हातात धरायचाय. त्या फोनमध्ये काय धरू?"

कोणता चेहरा, हे मी कधी विचारलं नाही. एकाच चेहऱ्यात तिला दोघं हवे होते, हे मला काय कळत नव्हतं?

आरोग्य कक्षात एक उंच, काळसावळा, विरळ केसांचा माणूस टेबलामागे चहा पीत बसला होता. मी सगळी रामकहाणी एका दमात सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, कार्ड उलटसुलट केलं.

"तारीख बरोबर आहे, शिक्का बरोबर आहे. नावाचाच घोळ आहे," तो म्हणाला. "मी आत्ता नवीन टोचली, तर ती दहा दिवसांनी लागू होते. तोवर विमान काही थांबायचं नाही."

"पुन्हा टोचायची नाही हो!" मी ओरडलेच. "आधीच हिचं वय बघून तिथला डॉक्टर कां कूं करत होता. हजार प्रश्न विचारले. टोचल्यावर दोन दिवस तापानं फणफणली. मी नाचणीची पेज भरवत बसले होते."

"थांबा हो आत्याबाई, मी कुठे सुई काढलीय?" तो हसला. "जिथे टोचली तिथे विचारू या."

त्यानं फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी उचलेना. वहिनी खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती आणि मी मनातल्या मनात येशूला आणि आमच्या आजोबांच्या देवांना एकदमच साकडं घालत होते. शेवटी नर्स फोनवर आली. साहेबानं तारीख सांगितली, लशीच्या कुपीचा नंबर सांगितला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की आम्हालाही ऐकू आला.

"कोण, त्या नालोंगो? ज्यांनी रांगेतल्या सगळ्यांना भाजके शेंगदाणे वाटले? अहो, मीच टोचली त्यांना! काय झालं, बऱ्या आहेत ना?"

माझा जीव भांड्यात पडला. साहेबानं खणातून नवं कार्ड काढलं, पेन उघडलं.

"झालं काम. ह्यावर पासपोर्टवरचं नाव घालतो, टोचल्याची तारीख तीच ठेवतो. जुनं मात्र रद्द करावं लागेल. एका माणसाची दोन कार्डं चालत नाहीत." आणि त्यानं जुन्या कार्डावरच्या नावावर रेघ मारायला पेन टेकवलं.

वहिनीनं टेबलावर झडप घालून कार्डावर पंजा ठेवला.

"त्या नावावर रेघ नाही मारायची."

"आजी, हा नुसता नियम आहे..."

"नियम असू दे. नाही मारायची."

"अगं ए बये!" मी कपाळावर हात मारला. "विमान सुटेल! रेघ मारली म्हणून काय तू नालोंगो राहणार नाहीस? गावात कोण तुला काय म्हणणार आहे?"

"वन्सं, तुम्ही गप्प बसा." एवढ्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. "काटो गेला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या आल्या होत्या. म्हणाल्या, दोनातला एक उडाला तरी तू नालोंगोच. म्हणून मी उभी राहिले. माझ्याकडे त्याचं दुसरं काय आहे? तुम्ही त्याच्यावर रेघ मारा आणि मी त्या पोराचं तोंड बघायला जाऊ? त्यापेक्षा मी घरी जाते."

आणि ती खरंच उठायला लागली. बॅगेचा पट्टा धरला. ज्या चेहऱ्यासाठी ती इतकी वर्षं झुरली तो सहा तासांवर आला होता, आणि ही बाई एका रेघेपायी माघारी निघाली होती. मला तिचा संताप आला, आणि त्याच वेळी तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

साहेबानं पेन खाली ठेवलं. वहिनी त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघत होती. इतका वेळ मी ती वाचलीच नव्हती. ओचेन. उत्तरेकडच्या लोकांत जुळ्यातल्या धाकट्याचं नाव.

"तुमचा ओपियो कुठे असतो?" वहिनीनं विचारलं. थोरल्याचं ते नाव.

"गुलूला असतो, शेती बघतो. माझ्यापेक्षा जाड झालाय." तो म्हणाला. "आई नेहमी म्हणते, तुम्ही दोघं एकत्र जेवलात की मला भूक लागत नाही."

जुनं कार्ड त्यानं हळूच वहिनीच्या पंजाखालून ओढून घेतलं. शिक्क्यावर एक रेघ मारली, तारखेवर एक रेघ मारली, खाली 'रद्द' लिहून सही केली. नावाला पेन लावलं नाही. ते कार्ड त्यानं तिला न देता माझ्या हातात दिलं.

"हे घरी ठेवा. बरोबर पाठवू नका, तिकडे पुन्हा घोळ होईल." मग नवं कार्ड समोर ओढलं. "आता सांगा आजी, नाव काय लिहू?"

पासपोर्ट त्याच्या समोरच उघडा पडला होता. तरी त्यानं विचारलं.

वहिनीनं कमरेचा पट्टा सारखा केला. "युनिया," ती म्हणाली. "युनिया नाकिबुले." नव्या नवरीला उखाणा घ्यायला लावावा तशी लाजली हो म्हातारी! मला हसू आलं आणि डोळेही भरले.

निघताना साहेबानं ट्रॉलीवरची पुडी हुंगली. "नाकतोडे? हे इथंच ठेवा आजी, तिकडे पकडतील." पुडी माझ्याकडे आली. मी बॅगेची अडकलेली चेन नीट लावायला उघडली तर वर दोन शर्ट. एकाच रंगाचे, एकाच मापाचे.

"दोन कशाला आणलेस?"

"मग एक कसा नेऊ?" ती म्हणाली.

दारापर्यंतच मला सोडलं. काचेपलीकडे ती बाकावर बसली होती. आतल्या बाईनं दोनदा नाव पुकारलं, "युनिया नाकिबुले, युनिया नाकिबुले," आणि ही आपली इकडेतिकडे बघतेय, कोण ही युनिया, जात का नाही म्हणून. शेवटी मी काचेवर थापा मारून ओरडले, "अगं नालोंगो, तूच! तूच ती!" तेव्हा कुठे उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास्वाचा फोन आला. मी नाकतोडे खात ओट्यावर बसले होते.

"पोहोचली का?"

"पोहोचली, आत्या. कार्ड बघितलं, ताप बघितला, नाव विचारलं. आईनं धडाधड सांगितलं म्हणे. तिथल्या बाईनं हसून शिक्का मारला."

"मग?"

"मग बाहेर आली," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. बराच वेळ नुसती बघत राहिली. आणि मला काटो म्हणाली."

"अरे, प्रवासानं थकली असेल. चुकून..."

"चुकून नाही, आत्या. आई कधी चुकलीय का?"

मी नाकतोड्यांची पुडी खाली ठेवली.

"मग तिथंच फरशीवर बसली आणि रडायला लागली. इतकी रडली, आत्या, की ती आरोग्यवाली बाई पाणी घेऊन धावत आली, पुन्हा ताप बघायला लागली. मी म्हटलं, ताप नाही, ठीक आहे ती, बसू दे तिला."

"चांगलं केलंस," मी म्हणाले. "आणि तू? काटो म्हणाली तेव्हा तू काय केलंस?"

पलीकडे समुद्राचा की वाऱ्याचा आवाज येत होता.

"मी ओ दिली," वास्वा म्हणाला.